तीन आखूड, एक लांब

बेनेदिताला शाळेतून गृहपाठ मिळालाय:
तुमच्या गल्लीचा इतिहास, एक पान, चित्रासह.
आणि तो उद्याच द्यायचाय, हे ती सांगते
रात्री पावणेदहाला,
मी तोमेच्या डोक्यावरचा फेस काढत असताना.

आमच्या गल्लीत आहे काय?
एक औषधांचं दुकान. एक बंद पडलेली बँक.
कडू संत्र्यांची चार झाडं.
आणि आम्ही राहतो ती इमारत,
तिच्या अंगणात विटांची उंच चिमणी,
धूर नाही, वर करकोच्याचं घरटं.

लिही, म्हटलं, इथे सार्डिनचा कारखाना होता.
मासे डब्यांत भरायचे.
तुझी पणजी झुल्मिरा मुंडकी उडवायची.
‘कुणाची?’ तोमे विचारतो, फेसाखालून, डोळे गच्च मिटून.
माशांची, बाळा.

लिही की होड्यांना घड्याळ नव्हतं.
मासा आला की भोंगा.
गावात सतरा कारखाने, सतरा भोंगे,
आपला कुठला? तीन आखूड, एक लांब.
रात्री दोनला, साडेतीनला,
एकदा म्हणे नाताळच्या आदल्या रात्री.
अख्खं गाव नुसतं कूस बदलायचं,
उठायच्या फक्त ज्यांचा भोंगा त्या बायका,
शंभर पोरांच्या रडण्यात
आपल्याचं रडणं कळावं, तशा.

पेन थांबतं.
‘आणि त्यांची मुलं?’

मुलं.
माझी आई तेव्हा तीन वर्षांची.
तिच्या घोट्याला जाळ्याची दोरी,
दुसरं टोक पलंगाच्या पायाला.
इतकी लांब की मोरीपर्यंत पोचावं,
इतकी आखूड की चुलीपर्यंत पोचू नये.
आजीने ती स्वतः मापली होती,
फरशीवर रांगत, हात पुढे करून,
तीन वर्षांची होऊन.

हे मी सांगत नाही. सांगते, शेजारी बघायचे.
बेनेदिता लिहिते: शेजारी बघायचे.
(शेजारणीचा भोंगाही तोच होता.)

आईने मला हे एकदाच सांगितलं.
मी पंधराची, आणि ओरडले होते
की तू मला मोकळं सोडत नाहीस.
ती कप पुसत राहिली. म्हणाली,
दोरीचं काही नाही गं, दोरी मऊ होती,
तेलात भिजवून मऊ केलेली.
ती निघताना रोज गाठ तपासायची,
आणि मी झोपेचं सोंग घ्यायचे,
तिला उशीर व्हायला नको म्हणून.

‘भोंगा कसा वाजायचा? करून दाखव!’
दाखवला. तोमेने न्हाणीघरातून दुप्पट मोठा केला,
फरशांनी तिप्पट.
तीन आखूड, एक लांब.
आता खालून झाडूचा दांडा बसणार छताला,
दोना एर्मेलिंदा, वय एक्याण्णव, झोप हलकी.

दांडा बसला नाही.
जिन्यातला दिवा लागला.
मी ओल्या हातांनी खाली गेले, तर ती
नाइटगाउनवर एप्रन बांधून उभी,
डोक्याला रुमाल, पायांत वेगवेगळ्या चपला.
‘कुणाची होडी?’

आज मासा नाही, दोना एर्मेलिंदा. पोरांनी खेळ केला.
तिने माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे.
‘बरं झालं,’ म्हणाली, ‘दोघं एकटीच आहेत आत.’
दोघं लक्झेंबर्गला असतात. मोठ्याची बायपास झाली गेल्या वर्षी.
मी आत जाऊन दोघांना पांघरूण घालून आले.
म्हणजे, पलंगाजवळ क्षणभर थांबले,
आणि म्हटलं, झोपलेत.
मग तिच्या एप्रनची गाठ सोडली. घट्ट होती.

वर आले. तोमे टॉवेलातच लवंडलेला.
टेबलावर पान: चिमणी, करकोचा,
आणि चिमणीतून भरपूर काळा धूर,
करकोच्याच्या पोटाखालून.
वृद्धाश्रमातून मेसेज:
फातिनिया आजारी, सहाऐवजी पाचला येशील?
येते, लिहिलं.
डबे भरले. गजर साडेचारचा लावला,
उशीखाली ठेवला, आवाज कमी करून.

बेनेदिताच्या खोलीत डोकावले.
झोपली होती.
पापण्या जरा जास्तच मिटलेल्या.